नॉर्मल म्हणून परत आलेला आलेख: बेळगावच्या एका विणकराचे प्रकरण

बेळगावच्या दक्षिणेकडील वडगाव, शहापूर आणि खासबाग या वस्त्यांत आजही दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. ज्यांच्याविषयी येथे लिहीत आहे ते ३४ वर्षांचे गृहस्थ तेथील एका शेडमध्ये चार माग सांभाळतात. हे प्रकरण त्यांच्या संमतीने मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझ्याकडे ते आले तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) अहवाल, एक सीटी स्कॅन, फेनिटॉइन या फिटवरील औषधाच्या गोळ्यांची अर्धवट संपलेली पट्टी आणि घडी करून ठेवलेला दोन हात लांबीचा कापडाचा तुकडा एवढ्या वस्तू होत्या. पहिला ईईजी नॉर्मल होता. दुसऱ्या अहवालात मेंदूच्या उजव्या बाजूला दोष असल्याचे लिहिले होते. कापडाचा तुकडा कशासाठी आणला आहे हे मी पहिल्या भेटीत विचारलेसुद्धा नाही, ही माझी चूक.

तक्रार तीन वर्षांची होती. पत्नी त्याच शेडमध्ये कांड्या भरण्याचे काम करतात, त्यामुळे त्यांनी हे प्रकार जवळून पाहिले होते. त्यांचे शब्द असे: “माग चालूच असतोय आणि हे नुसतं बघत उभारतेत. हाक मारली तरी वळून बघायला नाहीत. मग थोड्या वेळानं आपणच विचारतेत, काय की झालं?” स्वतः रुग्णाला यातले फारसे आठवत नव्हते; “विचारात जातोय कधी कधी, महिन्यातून एखादे वेळी” एवढेच त्यांचे म्हणणे. सुमारे चौदा महिन्यांपूर्वी मात्र एका रात्री झोपेत त्यांचे सर्वांग ताठ होऊन हातपाय झडले, जीभ चावली गेली आणि अंथरूण ओले झाले. त्या रात्रीनंतर आठवड्याभरात पहिला ईईजी झाला.

तो ईईजी कोणत्या कारणासाठी मागवला होता हे चिठ्ठीवर पाहिले, तेव्हा सीमाभागात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या परिचयाची अडचण समोर आली. घरात सगळे मराठी बोलतात. पत्नीने दवाखान्यात “यांचं भान जातंय” असे सांगितले होते. मदतनिसाने ते डॉक्टरांना कन्नडमध्ये ‘तले सुत्तु’, म्हणजे डोके गरगरते, असे ऐकवले. आणि डॉक्टरांनी ईईजीच्या चिठ्ठीवर इंग्रजीत ‘गिडिनेस’ एवढा एकच शब्द लिहिला. अशा रीतीने तीन भाषांतून फिरून भान जाण्याची चक्कर झाली. रात्रीच्या फिटचा उल्लेख चिठ्ठीवर आलाच नाही, कारण ती एकदाच आली होती आणि घरच्यांनी ती उपासामुळे आली असे गृहीत धरले होते. या साखळीत कोणी निष्काळजी होते असे मला म्हणायचे नाही. ओपीडीच्या गर्दीत मीही असेच शब्द लिहिले असतील. परंतु ज्या तज्ज्ञाच्या हाती ‘गिडिनेस’ असे लिहिलेला आलेख पडतो तो आणि ज्याच्या चिठ्ठीवर ‘अधूनमधून दोन मिनिटे भान जाते, एकदा झोपेत फिट’ असे लिहिलेले असते तो, हे दोघे एकच आलेख एकाच नजरेने वाचत नाहीत.

दुसऱ्या भेटीला पतिपत्नींबरोबर आईही आल्या. त्या दिवशी मी जवळजवळ दीड तास दिला, आणि आज मागे वळून पाहताना निदानाचा मोठा भाग त्या दीड तासात झाला असे वाटते.

प्रथम कापडाविषयी. यंत्रमाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो की ताण्याच्या उभ्या धाग्यांपैकी एखादा तुटला तर साध्या मागाला ते कळत नाही. धोटा इकडून तिकडे जातच राहतो आणि तुटलेल्या धाग्याच्या जागी कापडावर उभी रेघ पडत जाते. विणकराच्या लक्षात आले की तो माग थांबवून धागा जोडतो आणि रेघ तेथे संपते. या गृहस्थांच्या मागावर मिनिटाला साधारण अडीच इंच कापड निघत असे, आणि चार माग सांभाळूनही त्यांची रेघ सहसा इंच-दीड इंचाच्या पुढे जात नसे. त्यांनी आणलेल्या तुकड्यावरची रेघ मी टेबलावर पसरून मोजपट्टीने मोजली. ती सव्वापाच इंच भरली, म्हणजे दोन मिनिटांहून थोडी अधिक. मालकाने हा तुकडा बाद ठरवून त्याचे पैसे कापले होते, आणि मालकाच्या वहीत गेल्या दोन महिन्यांत अशा सहा कपाती होत्या. फोनवर बोलताना किंवा दुसऱ्या मागावर अडकल्यामुळेही रेघ लांबू शकते, हे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले. त्यामुळे या सहांपैकी प्रत्येक झटकाच होता असा दावा करता येणार नाही. तरीही ‘महिन्यातून एखादे वेळी’ हा आकडा खरा नाही एवढे त्यातून स्पष्ट झाले. ज्या झटक्यात भान जाते तो झटका रुग्णाच्या स्मरणात राहतच नाही, म्हणून केवळ रुग्णाच्या मोजणीवर विसंबणे धोक्याचे असते.

त्यानंतर मी पोटाविषयी विचारले. दोन वर्षांपासून ते ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होते. “पोटातनं गॅस वर चढतोय, छातीपर्यंत येतोय आणि मग काय ते कळत नाही,” असे ते म्हणाले. आणि थोडे संकोचून पुढे हेही सांगितले की त्या क्षणी समोरचे सगळे आधी एकदा घडून गेले आहे असे वाटते. पोटातून वर चढणारी ही लाट आणि परिचयाचा हा खोटा भास ही टेम्पोरल भागातून, म्हणजे कानशिलाच्या आतील मेंदूखंडातून, उठणाऱ्या झटक्यांची जुनी आणि वारंवार आढळणारी पूर्वसूचना आहे. गॅस वाटल्यामुळे ती कोणाला सांगावीशी वाटली नव्हती, आणि विचारलीही कोणी नव्हती.

आईंनी सांगितलेली हकीकत अशी. मुलगा दीड वर्षाचा असताना, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहत असताना, भर पावसात त्याला जोराचा ताप आला आणि आकडी आली. जीप मिळवून बेळगावला आणेपर्यंत पाऊण तास गेला. “सगळ्या वाटेत उजवा हात उडायला लागला होता, माझ्या मांडीवर,” असे त्या म्हणाल्या. तापात येणारी साधी आकडी काही मिनिटांत थांबते आणि बहुतेक मुलांना तिचा पुढे त्रास होत नाही. अर्ध्या तासाहून लांबलेली आणि शरीराच्या एकाच बाजूला राहिलेली आकडी मात्र वेगळी मानावी लागते, कारण अशा काही मुलांमध्ये हिप्पोकॅम्पसला, म्हणजे टेम्पोरल खंडातील स्मरणाशी निगडित भागाला, इजा होऊन अनेक वर्षांनी अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, सुरू होतो. उजवा हात उडत होता, याचा अर्थ गडबड डाव्या मेंदूत होती. दुसऱ्या ईईजीच्या अहवालात दोष उजवीकडे लिहिला होता, हे मला तेव्हाच खटकले.

पत्नीला मी मोबाइलवर चित्रण करण्यास सांगितले, आणि चित्रण करताना त्यांच्याशी बोलत राहावे, एखादी वस्तू दाखवून तिचे नाव विचारावे, असेही समजावून दिले. तीन आठवड्यांनी सव्वा मिनिटाची एक क्लिप मिळाली. जेवणाच्या ताटावर बसलेले गृहस्थ अचानक थांबतात, नजर समोर स्थिर होते, तोंडात काही नसताना गिळल्यासारखे आणि चघळल्यासारखे करतात. डावा हात लुंगीची कड चिमटीत धरून चाळवत राहतो; उजवा हात मनगटात वळून ताठ झालेला असतो. शेवटी ते डाव्या हाताने नाक पुसतात. त्यानंतर पत्नी तांब्या उचलून “हे काय?” असे विचारतात आणि ते म्हणतात, “ते… ते हे… पाण्याचं.” तांब्या हा शब्द त्यांना त्या क्लिपच्या शेवटापर्यंत सापडत नाही. ताठ झालेला हात झटक्याच्या उगमाच्या विरुद्ध बाजूचा असतो, चाळा करणारा आणि नंतर नाक पुसणारा हात बहुधा त्याच बाजूचा, आणि उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाला झटक्यानंतर काही मिनिटे शब्द न सापडणे हेही बहुतेक वेळा डाव्या बाजूकडे बोट दाखवते. कन्नड बोलणारा शेजारी विचारायला लागला की उत्तर यायला आणखी उशीर होतो असे पत्नीचे निरीक्षण होते. त्यावरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही, परंतु फाईलमध्ये ते लिहून ठेवले आहे.

आता आलेखांकडे वळू. माणसाच्या डोक्यावरून मेंदूचे विद्युतप्रवाह पहिल्यांदा नोंदवले ते जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी, १९२४ मध्ये, आणि त्यांनी ते प्रसिद्ध केले १९२९ मध्ये. तेव्हापासून यंत्रे बदलली, पण मूळ मर्यादा बदललेली नाही. टाळूवरचा इलेक्ट्रोड कवटीच्या आतले फार थोडे ऐकतो. मेंदूच्या पृष्ठभागाचा साधारण १० चौरस सेंटिमीटर भाग एकाच वेळी उसळला तरच ती उसळी टाळूवर ओळखण्याजोगी दिसते. आणि हिप्पोकॅम्पस तर टेम्पोरल खंडाच्या आतल्या बाजूला, खाली दुमडून बसलेला आहे. अपस्मार असलेल्या माणसाच्या पहिल्या नेहमीच्या ईईजीत दोन झटक्यांच्या मधल्या काळातील अपस्माराची खूण सापडते ती सुमारे निम्म्या रुग्णांत, बऱ्याचदा त्याहूनही कमी रुग्णांत. झोपेसह वारंवार नोंदी केल्यास हे प्रमाण ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जाते, आणि दहातल्या एखाद्या रुग्णात कितीही नोंदी केल्या तरी ती सापडत नाही. नॉर्मल ईईजी हातात देऊन ‘फिटचा आजार नाही’ असे सांगणारा माणूस वीस मिनिटांच्या जाग्या नोंदीवरून अख्ख्या आयुष्याचा निकाल देत असतो. असे निकाल आजही रोज दिले जातात.

पहिल्या नोंदीची मूळ फाईल प्रयोगशाळेने पुसून टाकलेली होती. हाती फक्त सहा छापील पाने राहिली होती. नोंद वीस मिनिटांची, पूर्ण जागेपणी केलेली. तीन मिनिटे जोरात श्वास घ्यायला लावले होते आणि डोळ्यांसमोर दिवा उघडझाप केला होता. त्या सहा पानांवर खरोखरच काही नव्हते, आणि ‘नॉर्मल’ हा शब्द तेवढ्या वीस मिनिटांपुरता बरोबर होता. जोरात श्वास घेण्याचा मोठा उपयोग लहान मुलांच्या ॲब्सेन्स, म्हणजे क्षणभर भान हरपण्याच्या, प्रकारात होतो. प्रौढांच्या टेम्पोरल झटक्यांसाठी झोप अधिक उपयोगी, आणि झोपच नोंदवलेली नव्हती.

दुसरी नोंद अधिक बोलकी होती. ती सात महिन्यांनी दुसऱ्या शहरात झाली होती आणि सुदैवाने पेनड्राइव्हवर जशीच्या तशी मिळाली. तिच्या आधी सीटी स्कॅन झाले होते, आणि त्यात उजव्या पॅरायटल, म्हणजे माथ्याजवळच्या, भागात चुन्यासारखा साकळलेला एक बारीक ठिपका होता. आपल्या देशात असा ठिपका बहुतेक वेळा पट्टकृमीच्या अळीचा जुना, बरा झालेला अवशेष असतो, आणि अपस्माराचे ते एक मोठे कारणही आहे. त्यामुळे सीटीनंतर सर्वांचे लक्ष उजवीकडे गेले असावे. ईईजी वाचणाऱ्याने उजव्या टेम्पोरल भागात एक टोकदार लहर गोल करून ठेवली होती आणि त्या एका गोलावर फेनिटॉइन सुरू झाले. गोळीने डोके जड होऊन मागावर हात चालेना, म्हणून रुग्णाने ती दोन महिन्यांत आपणहून सोडली.

त्या गोलाकडे मी बराच वेळ पाहिले. लहर टोकदार होती, यात वाद नाही. परंतु अपस्माराची लहर ठरवण्यासाठी केवळ टोक पुरत नाही. आंतरराष्ट्रीय व्याख्येत सहा कसोट्या आहेत: आकार टोकदार असणे, कालावधी आसपासच्या लहरींपेक्षा वेगळा असणे, चढ आणि उतार सारखे नसणे, पाठोपाठ मंद लहर येणे, मागची पार्श्वलय मोडणे आणि मेंदूच्या एका भागातून निघालेला वाटावा असा विद्युतपसारा दिसणे. यांपैकी किमान चार जुळाव्या लागतात. गोल केलेल्या लहरीत पहिली सोडली तर काहीच जुळत नव्हते. चढ-उतार सारखे, मागून मंद लहर नाही, पार्श्वलय अखंड. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दहा सेकंदांनी त्याच ठिकाणी त्याच आकाराच्या कमानींची सेकंदाला सात-आठ अशी एक रांग लागली होती, आणि गोल केलेली लहर ही त्या रांगेतून सुटून आलेली एकटी कमान होती. याला ‘विकेट’ लय म्हणतात. पेंगुळलेल्या प्रौढ माणसात ती दिसते आणि तिचा अपस्माराशी संबंध नसतो. एकटी आली की ती भल्याभल्यांना फसवते. जे नाही ते दिसल्यामुळे माणसाला वर्षानुवर्षे गोळ्या, लग्नाच्या बोलण्यात अडचण आणि नोकरीत शंका सोसाव्या लागतात; म्हणून जादा वाचणे हे कमी वाचण्याइतकेच घातक आहे, आणि आपल्या भागात ते कमी घडत नाही.

मग डावी बाजू. पहिल्या दोन वाचनांत मलाही तेथे काही दिसले नाही. तिसऱ्या वेळी पडद्यावरची गती निम्मी केली, म्हणजे सेकंदाला ३० मिलिमीटरऐवजी १५ मिलिमीटर, आणि खालची गाळणी ०.५ हर्ट्झवर ठेवली. वेळ अशी दाटीवाटीने मांडली की मंद लहरींचा एकसारखेपणा डोळ्यांत भरतो. चौदाव्या मिनिटाला, रुग्ण नुकताच पेंगू लागला असताना, डाव्या बाजूच्या एफ ७ आणि टी ३ या इलेक्ट्रोडवर सेकंदाला सुमारे अडीच अशा गुळगुळीत, एकमेकींसारख्या डेल्टा (अतिमंद) लहरींची पाच सेकंदांची माळ होती. उंची ५० मायक्रोव्होल्टच्या आसपास; वाचणाऱ्याचे लक्ष वेधण्याइतकी मुळीच नाही. अशीच माळ सतराव्या आणि एकविसाव्या मिनिटाला पुन्हा येऊन गेली.

येथे थांबून मेंदूबाहेरून येणारे व्यत्यय वगळणे आवश्यक होते. पेंगुळताना डोळे सावकाश फिरतात आणि त्याची लाट एफ ७ आणि एफ ८ या दोन्हींवर एकाच वेळी, पण उलट दिशेने उमटते. येथे उजवीकडचा एफ ८ स्तब्ध होता. घामाची लाट यापेक्षा पुष्कळ मंद असते आणि तिला असा ठाशीव ठेका नसतो. कानशिलावरच्या धमनीवर इलेक्ट्रोड बसला तर नाडीचा ठोका मंद लहरीसारखा उमटतो, परंतु तो हृदयाच्या ठोक्याशी बांधलेला असतो. ईसीजीच्या ओळीवर नाडी मिनिटाला ७४ होती आणि लहरी त्याच्या दुपटीने धावत होत्या. शेवटी मी मांडणी बदलून, प्रत्येक इलेक्ट्रोडची तुलना सगळ्यांच्या सरासरीशी करून, तीच पाने पाहिली, आणि माळ डाव्या टेम्पोरल भागातच राहिली.

टेम्पोरल भागात खंडित स्वरूपात येणाऱ्या या लयबद्ध डेल्टाचे टेम्पोरल अपस्माराशी असलेले नाते १९८९ पासून नोंदले गेले आहे. ती टोकदार नसते, म्हणून ‘अपस्माराच्या लहरी आढळल्या नाहीत’ हे वाक्य तिच्या उपस्थितीतही लिहिले जाते. जागेपणी कुठेही दिसणाऱ्या, लय नसलेल्या मंदपणापेक्षा तिचे वजन कितीतरी अधिक आहे. तरीही तीन माळांवर निदान बसवणे मला मान्य नव्हते, कारण आईंची हकीकत आणि क्लिप यांमुळे माझे मत डावीकडे झुकलेले होते, आणि झुकलेल्या डोळ्यांना डावीकडचे काहीही पटले असते.

म्हणून तिसरी नोंद ठरवली. आदल्या रात्री फक्त चार तास झोप, सकाळी चहा वर्ज्य, केसांना तेल लावायचे नाही आणि शिकेकाईने धुऊन यायचे, असे सांगितले. खोबरेल तेल चोपडलेल्या केसांवर इलेक्ट्रोड नीट बसत नाही आणि अर्धे व्यत्यय तेथूनच सुरू होतात. नेहमीच्या २१ इलेक्ट्रोडना कानांच्या खालच्या पातळीवरचे आणखी सहा, दोन्ही बाजूंना तीन-तीन, जोडून घेतले. टेम्पोरल खंडाचा तळ या सहांना ऐकू येतो. २०१७ पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीतही त्यांचा समावेश आहे, मात्र आपल्याकडे वेळेअभावी ते बहुधा लावले जात नाहीत. आमच्या तंत्रज्ञ ताईंनी टेपने डोके मोजून प्रत्येक जागेवर लाल पेन्सिलीने खूण केली आणि प्रत्येक इलेक्ट्रोडचा अवरोध ५ किलोओहमच्या खाली येईपर्यंत त्वचा घासली. या कामाला पाऊण तास लागला. या पाऊण तासाचे बिल कोणी देत नाही.

नोंद ७० मिनिटे चालली. पंखा बंद, खिडकीला पडदा; पंचविसाव्या मिनिटाला गृहस्थ झोपले आणि घोरू लागले. चौतिसाव्या मिनिटापर्यंत काही नव्हते. त्यानंतर, झोपेच्या दुसऱ्या टप्प्यात, डावीकडच्या खालच्या रांगेत एफ ९ आणि टी ९ यांच्यावर एक तीक्ष्ण लहर आली: सुमारे ८० मिलिसेकंदांची, चढ उभा आणि उतार तिरका, मागून एक मंद लहर, आणि तेवढ्या क्षणापुरती झोपेची लय मोडलेली. वरच्या टी ३ वर तिची सावलीसारखी उंची होती. नेहमीच्या २१ इलेक्ट्रोडवरून मी ती बहुधा सोडून दिली असती. झोपेच्या उरलेल्या काळात अशा एकूण पाच लहरी मिळाल्या. सहांपैकी पाच कसोट्या त्यांनी निश्चित पूर्ण केल्या. डेल्टाची माळही दोनदा आली.

स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नको म्हणून फाईल नाव, वय आणि तक्रार काढून परगावच्या एका सहकाऱ्याकडे पाठवली. त्यांनी पाचपैकी चार लहरी आपणहून खुणावल्या, पाचवीला संशयास्पद म्हटले, आणि उजवीकडच्या कमानींना विकेट असे नाव दिले. यानंतर अपस्माराच्या पद्धतीने, हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात पातळ छेद घेऊन एमआरआय केला, तेव्हा डावा हिप्पोकॅम्पस उजव्यापेक्षा स्पष्टपणे लहान आणि फ्लेअर प्रतिमेत उजळ दिसला. सीटीतला उजवा ठिपका तेथेच होता, आजूबाजूला सूज नसलेला. अशा जुन्या ठिपक्यातूनही झटके उठू शकतात, हे मी नाकारत नाही; परंतु झटक्यांचे रूप, दोन्ही नोंदी आणि एमआरआय ही सगळी साक्ष एका बाजूची होती आणि ठिपका एकटा दुसऱ्या बाजूला होता. निदान: डाव्या मेसियल (आतल्या बाजूच्या) टेम्पोरल भागातून उठणारा अपस्मार, हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिससह, म्हणजे हिप्पोकॅम्पस आकसून कडक झालेला.

बाजूचा हा वाद केवळ शास्त्रार्थ नव्हता. दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत तर या प्रकारात शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत एका वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण भान हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते, तर केवळ औषधांवरचे ८ टक्के. बेंगळुरूची निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा या संस्थांत अशा शस्त्रक्रिया होतात. फाईलमध्ये ‘उजवा’ हा शब्द तसाच राहिला असता तर तेथपर्यंत पोहोचलेल्या माणसाचा पहिला दिवस चुकीच्या बाजूची उलटतपासणी करण्यात गेला असता. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर मी जुन्या अहवालाचा दोष कोणताही टोला न मारता लिहिला आणि खाली ‘डावा’ हा शब्द इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत लिहिला.

औषध म्हणून कार्बामाझेपिन निवडले. स्वस्त आहे, आणि पहिल्या अनुभवामुळे धास्तावलेल्या माणसाला सावकाश वाढवता येते. रात्री २०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून सहा आठवड्यांत दिवसातून दोनदा ४०० पर्यंत गेलो, मध्ये एकदा रक्तातील सोडियम तपासले. रात्रपाळी बंद करायला सांगितली, कारण जागरणासारखा दुसरा चिथावणीखोर नाही. मागाच्या पट्ट्याजवळ एकटे उभे राहू नये आणि दुचाकी तूर्त बंद, या सूचना त्यांनी मान्य केल्या, दुसरी नाखुशीने. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये अपस्माराविषयी स्वतः जाहीर करावे लागते हे त्यांना माहीत नव्हते. मालकाला काय सांगायचे हा प्रश्न सर्वांत अवघड होता. शेवटी पत्नीनेच सांगितले आणि मालकाने कपात थांबवली नाही, पण दिवसपाळी दिली.

घरचे दरम्यान सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावरही जाऊन आले होते. मी त्याला हरकत घेतली नाही. जाताना गोळ्या बरोबर असाव्यात आणि उपासात त्या चुकवू नयेत एवढेच म्हटले. धाकट्या बहिणीच्या लग्नाचे बोलणे चालू असल्याने आजार लपवावा असे आईंचे मत होते. स्वतःला अपस्मार असणे हीदेखील १९९९ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अडचण राहिलेली नाही, आणि येथे तर प्रश्न भावाच्या आजाराचा होता, हे मी त्यांना सांगितले. त्या गप्प राहिल्या. मी आग्रह धरला नाही.

पाचव्या महिन्यात पत्नीच्या वहीत पोटातून लाट आल्याच्या दोन नोंदी होत्या, भान गेल्याची एकही नव्हती. “आता पट्टी पुन्हा काढूया की, नॉर्मल आली काय बघायला?” असे गृहस्थांनी ईईजीविषयी विचारले. मी नको म्हटले. झटके थांबले आहेत की नाही हे वही सांगते, आणि गोळीची मात्रा मी आलेखावरून ठरवणार नव्हतो.

सातव्या महिन्यात ते कापडाचा आणखी एक तुकडा घेऊन आले. या वेळी मी आल्याबरोबर मोजपट्टी काढली. रेघ सव्वातीन इंच होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या वेळी ते फोनवर होते आणि फोन कोणाचा हेही त्यांना आठवत होते. पत्नी त्या दिवशी शेडमध्ये नव्हत्या. मी मात्रा वाढवली नाही, त्यांच्या फोनमधली कॉलची वेळ कापडाच्या तारखेशेजारी लिहून घेतली, आणि शेडमधल्या शेजारच्या मागवाल्याला पुढच्या भेटीला घेऊन यायला सांगितले.